आतून घासलेलं पातेलं

बाहेरचं खायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा, आणि तो मीच केलेला. कारण माझी नोकरी. पुण्याच्या एका अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं खुर्चीवर बसून मी लोकांचं खाणं तपासतो आहे. दूध, तेल, हळद, पेढे, शेव, सगळं आमच्याकडे सीलबंद बाटल्यांतून येतं आणि त्यात काय काय सापडतं ते जेवणाच्या वेळी सांगण्यासारखं नसतं. लग्नाला गेलो तरी मी साधा वरण-भात घेतो, आणि तोही वाफाळता असेल तरच. आमची ही म्हणते, तुमच्याशेजारी जेवायला बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तिनंही मग एक उलटा कायदा केला. पानावर बसून रिपोर्ट वाचायचा नाही. तो मी पाळतो, कारण आमच्या वडिलांचीही तीच शिकवण होती. पानातल्या अन्नाला नावं ठेवणारा त्यांच्या लेखी चोरापेक्षा वाईट.

अशा माणसानं सुट्टी काढून नगर जिल्ह्यात चार दिवस हॉटेलांत जेवत फिरावं, हे ऑफिसात कुणाला खरं वाटलं नाही. याचं श्रेय आमच्या साडूंना, म्हणजे विलासरावांना. ते नगरचे, बी-बियाणं विकतात, जुन्या जीपमधून सगळा जिल्हा पालथा घालतात आणि वर्षाचे दोनशे दिवस बाहेर जेवतात. तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. दिवाळीला घरी आले तेव्हा माझी टर उडवत म्हणाले की बाटलीत बघून तुम्हाला काय कळणार, चला माझ्यासंगं एकदा. मी नेहमीप्रमाणे हसून सोडून दिलं असतं, पण आमची ही आतून म्हणाली, "ते कुठले येतात!" झालं. भाऊबीज आटोपली आणि मी एसटीत बसलो.

बरोबर काय नेलं तेही सांगतो. उकळून गाळलेलं पाणी, पाच लिटरचा कॅन भरून. मीठ-साखरेच्या पुड्या सहा. पोटाच्या गोळ्या दोन प्रकारच्या. आणि हिनं दिलेली थालीपिठं नि दशम्या, एका डब्यात घट्ट दाबून. हल्ली पाण्याच्या बाटल्या विकत मिळायला लागल्या आहेत, पण त्या कुठं भरतात ते मला ठाऊक असल्यामुळे घेतल्या नाहीत.

घोडेगाव

नगरहून औरंगाबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात घोडेगाव येतं. आम्ही गेलो तो जनावरांच्या बाजाराचा दिवस होता. मी आजवर भाजीबाजार सोडून दुसरा बाजार पाहिलेला नाही, त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी नुसता वाट काढत होतो. जिकडे बघावं तिकडे म्हशी, बैल, कालवडी, शिंगांना रंग, गळ्यात नव्या दोऱ्या. सौदा बोलून होत नाही. दोन माणसं उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. आमच्याकडे दुकानदार भाव ओरडून सांगतो. इथं ओरडतात ती फक्त जनावरं.

म्हैस घेणारा माणूस ती डोळ्यांदेखत पिळून बघतो. त्या दुधाचं काय करायचं, तर शेजारच्या चहावाल्याला द्यायचं. चार बांबू, वर पत्रा, पुढं चूल. तिथल्या पातेल्यात सकाळपासून निदान दहा म्हशींचं दूध पडलं असेल. कोणती म्हैस कसली, कुठली, तिची कास कशी, विचारायची सोय नाही. कप धुवायला एक बादली, आणि त्या बादलीतलं पाणी चहाच्याच रंगाचं. माझ्या हातात कप आला तेव्हा मी विलासरावांकडे बघितलं. ते मला हळूच म्हणाले की ज्यानं चहा सांगितला तो माझं गिऱ्हाईक आहे, आणि इथं चहा नाकारणं म्हणजे सोयरीक मोडणं. मी प्यालो. चहा चांगला होता. आलं भरपूर होतं आणि म्हशीचं घट्ट दूध होतं.

दुपारपर्यंत मी पोटात कळ यायची वाट बघत होतो. काही झालं नाही. मग शांतपणे विचार केला तेव्हा कारण कळलं. तो चहा चुलीवरून खाली उतरतच नव्हता. सकाळपासून रटरटत होता, आणि इतका वेळ उकळलेल्या पातेल्यात कुठला जीव टिकणार? प्रश्न कपांचाच होता, पण चहा ओतला की कपही हात भाजण्याइतका तापत होता. मी हे विलासरावांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पास का?" मी म्हणालो, काठावर पास.

शनिशिंगणापूर

तिथून शिंगणापूर जवळच. दरवाजे नसलेल्या घरांबद्दल तुम्ही ऐकलंच असेल, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. आत डोकावू नये म्हणून घरोघरी पडदे असतात, कुत्री येऊ नयेत म्हणून फळ्या लावलेल्या असतात. पुरुष मंडळी आंघोळ करून ओल्या पंचानं चौथऱ्याकडे निघालेली होती. विलासराव दर्शन घेऊन आले. मी लांबूनच हात जोडले, कारण हवा गार होती आणि मला सर्दीची भीती होती.

गावाबाहेरच्या एका हॉटेलात जेवायला बसलो. तिथंही स्वयंपाकघराला दार नव्हतं, बसल्या जागेवरून सगळं दिसत होतं. पुण्याच्या हॉटेलांत आतल्या दारावर ‘प्रवेश बंद’ लिहिलेलं असतं, त्यामुळे आत काय चाललंय ते फक्त आम्हाला कळतं, तेही बाटलीतून. इथं भाकरी थापणारी बाई, तिचे हात, पिठाचा डबा, भज्याची कढई, सगळं समोर. कढईतलं तेल डांबरासारखं होतं. मी मालकाला विचारलं की तेल कधी बदलता. तो अगदी सरळपणे म्हणाला की बदलत न्हाई, संपलं की वरनं घालतो. असं स्वच्छ उत्तर मला पंचवीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं. मी भजी टाळली आणि पिठलं-भाकरी घेतली. ठेचा इतका जहाल होता की डोळ्यांतून पाणी आलं, पण मी दुसरी भाकरी मागितली.

रात्री मुक्कामाला नगरला परत आलो आणि हिचा डबा उघडला. थालीपिठं बोटांना चिकटायला लागली होती, वास आंबूस. दिवसभर जीपच्या मागच्या बाजूला उन्हात तापून ती कामातून गेली होती. दारातल्या कुत्र्यापुढं टाकली, त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. विलासराव हे पाहत होते. पहिल्या दिवशी एकाच ठिकाणचं अन्न नापास झालं आणि ते तुमच्या घरचं, हे वाक्य त्यांनी पुढच्या प्रवासात किती वेळा म्हटलं ते मी मोजलं नाही.

खर्डा, संध्याकाळ

जामखेडच्या बाजूला निघालो की रस्ता हळूहळू उघडा पडत जातो. ऊस मागं राहतो, विहिरी खोल होतात. ज्वारी वीतभर वर आली होती, मधेच करडईची पट्टी, लांबवर डोंगराची काळी रेघ. माणसं मात्र रस्त्यावर दिसत होती, बोचकी बांधलेली, पत्र्याच्या पेट्या, भांडी, कोंबड्यांचे खुराडे. ऊसतोडीला निघालेली. दिवाळी झाली की या भागातली निम्मी घरं बाहेरून कडी लावून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात, असं विलासरावांनी सांगितलं. त्यांच्या धंद्याचाही तो हिशेब असतो, घरात कोण राहिलं ते बघूनच बियाणं द्यायचं.

खर्ड्यात विलासरावांची ठरलेली खाणावळ होती, कौसाबाईंची. कौसाबाई पन्नाशीच्या, नवरा गेल्यावर पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी ही खाणावळ टाकली. दोन बाकडी, चार चटया, मागं अंगणात चूल. विलासरावांनी माझी ओळख ‘पुण्याचे अन्न तपासणीचे साहेब’ अशी करून दिल्यावर बाईंचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं सांगितलं की मी धाडी घालणारा नव्हे, नुसता प्रयोगशाळेतला माणूस, आणि सुट्टीवर आहे. तरी त्या जेवण होईपर्यंत माझ्या ताटाकडेच बघत होत्या.

वास्तविक काळजीचं काही कारण नव्हतं. असं स्वच्छ स्वयंपाकघर मी माझ्या बहिणीच्या घरीही पाहिलेलं नाही. पाण्याच्या माठावर धुतलेलं फडकं, ओगराळं टांगलेलं, पीठ झाकलेलं, अंगण सारवलेलं. भाकरी करण्याआधी बाईंनी हात साबणानं धुतले, तेही मला दाखवायला नव्हे, कारण तेव्हा विलासरावांनी माझी ओळख करून द्यायची होती. हुलग्याची शेंगोळी केली होती. हा पदार्थ मी पहिल्यांदाच खाल्ला. हुलग्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या लसणाच्या रश्शात शिजवतात आणि ते जेवण पोटात गेलं की थंडी पळते. मी तीनदा वाढून घेतली.

जेवताना कळलं की उद्या बाईंच्या खाणावळीचा मोठा दिवस आहे. गावातली एक टोळी उद्या ऊसतोडीला निघणार होती. निघायच्या दिवशी मुकादमानं सगळ्या टोळीला गोडाधोडाचं नाही तरी पोटभर जेवण घालून गाडीत बसवायचं, अशी इकडची रीत. यंदा ते काम त्यानं कौसाबाईंना दिलं होतं. बायकापोरं धरून साठ-सत्तर माणसं. हे जेवण नीट झालं तर मुकादमाच्या आणखी दोन टोळ्या मागून निघायच्या होत्या, त्याही बाईंकडेच येणार होत्या. शिवाय एक गोष्ट होती. त्याच टोळीत बाईंची एकुलती एक लेक संगीता आणि जावई जाणार होते, आणि संगीताला चौथा महिना होता. तिकडं पाचटाच्या कोपीत कुठलं धड खायला मिळतंय, म्हणून उद्या तिला पोटभर खाऊ घालून पाठवायची, असं बाई म्हणाल्या.

आमटी कशात करायची, हा प्रश्न होता. बाईंची भांडी दहा माणसांपुरती. म्हणून देवळात ठेवलेलं गावकीचं पितळी पातेलं त्यांनी मागून आणलं होतं. ते अंगणात आडवं टाकून संगीता चिंच आणि राखेनं घासत होती, कमरेपर्यंत आत शिरून. वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे ते बाहेरून काळं पडलं होतं आणि आतून करड्या डागांनी भरलेलं होतं. बाहेरची बाजू लखलखीत झाली होती, आता आतल्या डागांची पाळी होती. कौसाबाई तिला म्हणत होत्या की ते डागही काढ, साठ मानसं आत डोकावून बघत्यात. तिनं काथ्याच्या चोयट्यानं रगडून रगडून ते काढले. अंधार पडायच्या आत पातेलं आतून सोन्यासारखं पिवळं दिसायला लागलं. मला इतकं कौतुक वाटलं की मी उठून जवळ गेलो आणि म्हणालो की असं भांडं पुण्याच्या कुठल्याही हॉटेलात सापडणार नाही. दोघी मायलेकी हसल्या. कौसाबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण त्या वेळी पहिल्यांदा गेला.

हे मी जसं घडलं तसं लिहिलं आहे. ते करडे डाग कशाचे होते हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. ती कल्हई होती.

खर्डा, दुसरा दिवस

सकाळी किल्ला पाहिला. भिंती उंच आणि शाबूत आहेत, आत मात्र बाभळी आणि शेळ्या. एक गुराखी आम्हाला बुरुजावर घेऊन गेला आणि तिथून त्यानं सगळा मुलूख दाखवला. कुठं पाणी आहे आणि कुठं नाही, एवढंच तो सांगत होता. इतिहास विचारला तर म्हणाला, लई लढाया झाल्या. वरून गावातल्या चौकात जमलेली टोळी दिसत होती. बैल, गाड्या, पोरं. ट्रकचा पत्ता नव्हता.

आम्ही उतरून खाणावळीत आलो तेव्हा दुपार झाली होती. ट्रक जामखेडला नादुरुस्त होऊन पडला होता आणि टोळीचं जेवण लांबलं होतं. ट्रक आल्याशिवाय पंगत बसवायची नाही, असं मुकादमाचं म्हणणं, कारण जेवली की माणसं पांगतात. कौसाबाईंनी पहाटे आमटी केली होती. चण्याच्या डाळीची, चिंच-गूळ घालून, काळ्या मसाल्याची. तेव्हापासून ती त्या पातेल्यात निखाऱ्यावर कोमट राहिली होती. सात-आठ तास.

मला बाकावर बसवून बाईंनी वाटीभर आमटी आणि अर्धी भाकरी पुढं ठेवली. म्हणाल्या, आधी साहेबांनी चव घ्यायची. मी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला. पहिल्यांदा तिखट लागलं. मग चिंच. आणि त्याच्या मागून जिभेच्या कडेला एक तुरट, धातूची चव, तोंडात पैसा धरल्यावर लागते तशी. जीभ आकसली. लहानपणी आमच्याकडे पितळी वाटीत ताक राहिलं की आई ते ओतून द्यायची. कळकलं, म्हणायची. तीच चव. मी वाटीत बघितलं. रश्शाच्या कडेला तेलाबरोबर एक हिरवट रेघ होती.

आता मी जे केलं ते लिहितो. मी काही बोललो नाही. बाई समोर उभ्या होत्या, पदराला हात पुसत, आणि विचारत होत्या की बरी झालीय का. विलासराव बघत होते. दारात मुकादम उभा होता. पुण्याच्या साहेबानं पहिल्याच घासाला नाव ठेवलं तर त्या बाईंचं काय होईल, तेच माझ्या डोक्यात आलं. शिवाय मनात म्हटलं, काळा मसाला जुना असेल, आपली जीभ दोन दिवस ठेच्यानं भाजलेली आहे. मी म्हणालो, छान आहे. आणि वाटी बाजूला सरकवून पोट भरल्याचं सांगितलं. पानावर बसून नावं ठेवायची नाहीत, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

बाई खूश होऊन आत गेल्या आणि त्यांनी संगीताला बसवलं. गडबडीत तिचं राहून जाईल म्हणून आधीच. चुलीजवळ पाट मांडला, भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली. ती संपल्यावर दुसऱ्यांदा ओतली. मी बाकावरून ते बघत होतो. मधलं अंतर दहा पावलांचं असेल. मी उठलो नाही.

अर्ध्या तासानं ट्रक आला. पंगत बसली, चौकात, दोन रांगांत. पत्रावळी, भाकऱ्या, कांदा. आमटी वाढायला सुरुवात झाली आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पहिला घास घेतला. त्याचं तोंड किंचित वाकडं झालेलं मी पाहिलं. तो थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि खाली मान घालून दुसरा घास घेतला. शेजारच्यानंही तसंच केलं. म्हणजे कळत सगळ्यांना होतं. तेवढ्यात मागच्या अंगणातून संगीताच्या ओकाऱ्यांचा आवाज आला. एक झाली, मग दुसरी, आणि थांबेचनात.

तेव्हा मी उठलो. पंगतीच्या मधोमध जाऊन मोठ्यांदा म्हणालो की कुणी आमटी खाऊ नका, आमटी कळकली आहे. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मुकादम धावत आला, काय झालं म्हणून ओरडायला लागला. मी त्याला सांगितलं की पातेल्याला कल्हई नाही, आंबट आमटी पितळेत सात-आठ तास राहिली, तिचं विष झालं आहे. त्या म्हाताऱ्याला मी विचारलं की तुम्हाला कळलं नाही का. तो शांतपणे म्हणाला, "कळलं की. पन बाईनं एवढं केलंय, तोंडावर कसं म्हनायचं?"

विलासराव जीप काढून संगीताला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. जावई बरोबर गेला. कौसाबाईंना मी पातेल्यापाशी गाठलं. त्या आत बघत उभ्या होत्या. आमटी खाली गेली होती आणि वरचं पितळ अजून झळाळत होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. काल घासून काढले ते डाग म्हणजे कथिलाचा थर होता, तो अन्नाला धातूपासून वेगळं ठेवतो. त्या म्हणाल्या की पूर्वी कल्हईवाला दारावर यायचा, आता सगळ्यांकडं स्टील आलं, तो यायचा बंद झाला, त्यांना वाटलं डाग घाणीचे आहेत. पहाटे चाखली तेव्हा चांगली लागली होती. मग एकदम माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की मघाशी तुम्ही खाल्लीत, तुम्हाला कळलं होतं का.

मी हो म्हणालो. खोटं बोलण्याची वेळ निघून गेली होती.

"मंग बोलला का न्हाई?"

मी म्हणालो, मुकादमासमोर तुमची अब्रू गेली असती.

"माझी अब्रू राखत बसला व्हय," त्या म्हणाल्या. "आन् माझी लेक?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती मी इथं झाकून ठेवत नाही. काहीतरी करायचं म्हणून मी एक रिकामी बाटली मागितली. पंचवीस वर्षांची सवय, नमुना घ्यायचा. बाईंनी विचारलं, कशाला? तपासायला, मी म्हणालो. "बाटलीला काय इचारता साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या जिभंनं सांगितलंच हुतं की." आणि त्यांनी शेजारी राहणाऱ्या जावेला हाक मारली. दोघींनी कडीला धरून पातेलं उचललं आणि सगळी आमटी अंगणामागच्या खड्ड्यात ओतली. वर राख टाकली, कोंबड्या जाऊ नयेत म्हणून.

मुकादमाची चुळबूळ सुरू होती. तो म्हणत होता की माझी माणसं उपाशी गाडीत कशी बसवू, दुसऱ्या हॉटेलातून भेळ मागवतो, बाई तुमचं काम संपलं. कौसाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. लोखंडी कढई चुलीवर चढवली, तेलात लसूण-मिरची टाकली. शेजारणींनी घराघरांतून बेसनाचे डबे आणले. मीही कांदा चिरायला बसलो. माझी बोटं कापली, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

विलासराव परतले तेव्हा मी दारात धावलो. उलट्या थांबल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं होतं, जीपमध्ये राहिलेल्या माझ्या पिशवीतल्या पुड्या तिथं उपयोगी पडल्या. पोटातल्या बाळाची काळजी करण्यासारखं काही दिसत नाही, पण दोन-तीन दिवस ट्रकमध्ये बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. जावई टोळीबरोबर पुढं जाईल आणि संगीता मागच्या टोळीबरोबर येईल, असं ठरलं. कौसाबाईंनी हे ऐकलं, एकदाच डोळे मिटले आणि पुन्हा पिठलं ढवळायला लागल्या. पंगतीतल्या चार-पाच माणसांच्या पोटात ढवळलं होतं, पण घास-दोन घासच गेल्यामुळे ते तेवढ्यावरच निभावलं.

पिठलं झालं. भाकऱ्या होत्याच. पत्रावळी पुन्हा मांडल्या गेल्या, पण कुणी हात पुढं करेना. बायका पोरांचे हात धरून ठेवत होत्या. त्यांना दोष देता येत नव्हता. मुकादम घड्याळ बघत होता. कौसाबाई कढई घेऊन चौकात आल्या, ती मधोमध ठेवली, आणि तिथूनच मला हाक मारली. वाटीत पिठलं घातलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्यापुढं धरलं.

"खा. आन् खरं सांगा."

साठ-सत्तर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खाल्लं. लसूण चांगला लागला होता, पीठ शिजलं होतं, गुठळी नव्हती. मी पुन्हा एकदा चाखून बघितलं.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

कुणीतरी हसलं. कौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मूठभर मीठ टाकलं, कढई तळापासून ढवळली, पुन्हा वाटी भरून माझ्या हातात दिली, आणि ‘आता बरोबर आहे’ असं मी मोठ्यानं म्हणेपर्यंत एकाही पत्रावळीवर वाढू दिलं नाही.